मोटारीची टकटक



किल्ली फिरवावी, आणि इंजिनाच्या घरघरीऐवजीं पुढच्या झांकणाखालून नुसता 'टक्' असा आवाज यावा, हा अनुभव ज्याच्या दारांत मोटार आहे त्याला एकदां तरी आलेला असतोच. पुन्हा किल्ली फिरवली कीं पुन्हा 'टक्'. कधीं 'टक्‌टक्‌टक्' अशी लांबच लांब माळ. घरची मंडळी कपडे करून गाडींत बसलेली असते. शेजारीपाजारी हातांतील काम सोडून मदतीला येतात, आणि प्रत्येकाच्या तोंडून एकच निदान बाहेर पडतें, "बॅटरी गेली." हें निदान पुष्कळदां खरें असतें. परंतु जें पुष्कळदां खरें असतें तें न तपासतां नेहमींच खरें मानलें म्हणजे काय घडतें, तें मला अलीकडे एका पावसाळ्यांत चांगलेंच शिकावें लागलें. त्याविषयींच आज आपणांशीं बोलणार आहें.

मी मोटारीचा कारागीर नव्हे. शाळेंत असतांना ओहमचा नियम मीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिला. तो स्वतःच्या मोटारीला लावून पाहण्याची बुद्धि मात्र निवृत्त झाल्यावर सुचली, आणि तीहि दुसऱ्याकडून.

आमचें वणी हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. कापसाचा व्यापार येथें जुना. आतां भोंवतालीं उकणी, निळजई यांसारख्या कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. रस्त्यावरून रात्रंदिवस कोळशाचे ट्रक धांवतात, आणि काळी धूळ झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर व मोटारीच्या पोटांत सारख्याच निःपक्षपातानें बसते. माझी मोटार जुनी, लहान, पेट्रोलवर चालणारी. आषाढाच्या आरंभीं ती टकटक करूं लागली. धक्का मारून सुरू केली आणि एका दुकानांत नेली. तेथील माणसानें आवाज ऐकला, आणि झांकण उघडण्यापूर्वींच बॅटरी संपल्याचें सांगितलें. मीं पैसे मोजून नवी बॅटरी बसवून घेतली. गाडी सुरू झाली, आणि मीं समाधान मानलें.

त्यानंतर तीनच आठवड्यांनीं, रात्रीं दीडच्या सुमारास शेजाऱ्यांनीं दार ठोठावलें. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली होती. डॉक्टरीण बाईंनीं तिला तपासून ताबडतोब चंद्रपूरला नेण्यास सांगितलें होतें. अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. रुग्णवाहिका त्या वेळीं दुसरा रोगी घेऊन गेलेली. मुलीला गाडींत बसविलें आणि मीं किल्ली फिरवली. टक्‌टक्‌टक्! तीन आठवड्यांची कोरी बॅटरी, आणि पुन्हा तोच आवाज. मुलीची आई मागच्या आसनावर तिचा हात धरून बसली होती, आणि आरशांत मला तिचें तोंड दिसत होतें. ती कांहीं बोलली नाहीं. तें न बोलणेंच मला अधिक लागलें. मुलीला उतरवून धक्का मारून पाहिला; पण गल्लींत चिखल झालेला, ढकलणारांचे पाय घसरूं लागले.

गल्लीच्या तोंडाशीं एक ट्रकचालक गाडी उभी करून विसावला होता. गडबड ऐकून तो आला. झांकण उघडून त्यानें मला प्रथम पुढचे दिवे लावावयास सांगितले, आणि मग किल्ली फिरवावयास सांगितली. टकटक झाली, परंतु दिवे तसेच लख्ख राहिले. तो म्हणाला, "गुरुजी, बॅटरीले काहून दोष देता? दिवे पाहा न, कसे ढणढण जळून राह्यले! इंजिनाचा अर्थ गेला हाये." त्यानें आपल्या ट्रकमधून एक जाड जंपर केबल आणली. तिचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरें इंजिनावरील एका उघड्या बोल्टाला चिमट्यानें पकडविलें, आणि म्हणाला, "आता मारा सेल्फ." इंजिन पहिल्याच फेऱ्यांत सुरू झालें. पंख्याच्या पट्ट्याला लागणार नाहीं अशा बेतानें ती केबल त्यानें दोरीनें बांधली, वाटेंत इंजिन बंद न करण्याची ताकीद दिली, आणि केबल परत आल्यावर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवून द्या, असें सांगून तो निघून गेला.

पहांटेपूर्वीं चंद्रपूरला मूल जन्मास आलें. बाळ-बाळंतीण दोघेंहि सुखरूप आहेत. नाहीं तर हें भाषण करण्याचें धैर्य मला झालें नसतें. परंतु त्या रात्रीं पाऊण तास वायां गेला. तो बॅटरीनें खाल्ला नाहीं, कीं स्टार्टरनें खाल्ला नाहीं. एका गंजलेल्या बोल्टानें आणि एका न तपासलेल्या निदानानें खाल्ला.

आतां हा 'टक्' म्हणजे आहे तरी काय, तें पाहूं. मोटारीचें इंजिन आपण होऊन सुरू होत नाहीं. त्याला प्रथम बाहेरून फिरवावें लागतें. आरंभीं हें काम माणूस पुढें लोखंडी हँडल घालून करीत असे, आणि इंजिनानें उलट उसळी घेतली तर मनगट मोडत असे. आपल्याकडील जुन्या अँबॅसडर गाडीचें हँडल पुष्कळांना आठवत असेल. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानें विजेचा स्टार्टर तयार केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविला गेला. केटरिंगनें त्यापूर्वीं दुकानांतील रोकड-यंत्राचा खण उघडणारी लहानशी विजेची मोटर तयार केली होती. क्षणभरच जोर लावून थांबावयाचें असेल, तर लहान मोटरकडूनहि तिच्या आकाराच्या मानानें मोठें काम घेतां येतें, हें त्यानें ओळखलें. म्हणूनच आजहि किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये. मध्यें थोडी विश्रांति द्यावी. क्षणाच्या कामासाठीं केलेली मोटर मिनिटभर राबविली कीं जळते.

या स्टार्टरला आपले मिस्त्री 'सेल्फ' म्हणतात. त्याच्या पाठीवर एक लहान नळकांडें असतें, तें सोलेनॉइड. त्यांत तारेचें वेटोळें व लोखंडाचा दट्ट्या असतो. किल्ली फिरवली कीं वेटोळ्यांत थोडा प्रवाह जातो, त्याचें लोहचुंबक बनतें, आणि तें दट्ट्याला आंत ओढतें. दट्ट्या एकदम दोन कामें करतो. स्टार्टरचें लहान दंतचक्र पुढें सरकवून तो तें इंजिनाच्या मोठ्या चक्रांत अडकवितो, आणि तांब्याची एक तबकडी दोन जाड टोंकांवर दाबून मोटरला वीज मिळवून देतो. 'टक्' हा त्या दट्ट्याचा आवाज. म्हणजे टक् झाली याचा अर्थ, किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतचा मार्ग बहुतेक ठीक आहे. अडचण त्याच्या पुढें आहे. पुष्कळ मंडळी या आवाजानें घाबरतात. वास्तविक तो आपणांस अर्धें उत्तर देऊन चुकलेला असतो.

मग कधीं एकच टक्, आणि कधीं टकटकीची माळ कां? वीज अपुरी पडत असेल तर असें होतें. दट्ट्या आंत जातो, मोटर प्रचंड प्रवाह मागते, त्याबरोबर विजेचा दाब कोसळतो, लोहचुंबकाचा जोर जातो आणि दट्ट्या मागें येतो. मोटर तुटली कीं दाब पुन्हा चढतो, दट्ट्या पुन्हा आंत जातो. हें चक्र एका सेकंदांत कितीतरी वेळां होतें, तीच टकटक. उलट एकच जड टक् होऊन शांतता पसरली, तर दट्ट्या आपल्या जागीं बसला आहे, पण मोटर फिरत नाहीं, असें समजावें. तबकडीचीं टोंकें जळलेलीं असतील, मोटरचे कार्बन झिजलेले असतील, किंवा मोटर वा इंजिनच अडकलेलें असेल.

येथें ओहमचा नियम कामास येतो. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर सुरू होतांना शंभर-दीडशें अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक प्रवाह ओढतो. पुढचे दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर. आतां समजा, वाटेंतील एखादा सांधा गंजून तेथें ओहमच्या अवघ्या पन्नासाव्या भागाएवढा अवरोध निर्माण झाला. दहा अँपिअरच्या प्रवाहाला त्या सांध्यांत एक पंचमांश व्होल्ट गमवावा लागतो. दिव्याच्या उजेडांत तो फरक डोळ्यांना कळतहि नाहीं. पण दीडशें अँपिअरला तेथें तीन व्होल्ट गमवावे लागतात, आणि बारा व्होल्टांतून तीन गेले कीं स्टार्टर हतबल होतो. म्हणून दिवे लागतात, भोंगा वाजतो, एवढ्यावरून सर्व ठीक आहे असें समजूं नये. बारीक कामाला पुरणारा सांधा मोठ्या कामाला पुरतोच असें नाहीं.

माझ्या गाडींत दोष नेमका कोठें होता, तेंहि सांगतों. बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असतें, आणि सांगाड्यापासून इंजिनापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. इंजिन रबरी पायांवर बसलेलें असल्यामुळें स्टार्टरमधून परतणाऱ्या विजेला ही पट्टीच मुख्य वाट. माझ्या गाडींत पावसाचें पाणी, चिखल आणि काळी धूळ यांनीं तिच्या बोल्टाखालीं गंज चढला होता. दिव्यांची वीज सांगाड्यांतून परभारें परत जात होती, म्हणून दिवे लख्ख. स्टार्टरची वाट मात्र अडलेली. नव्या बॅटरीच्या थोड्या अधिक जोरानें तीन आठवडे निभावलें इतकेंच. पुढें मिस्त्रीनें तो बोल्ट काढून घांसला आणि नवी पट्टी बसविली. खर्च बॅटरीच्या मानानें नगण्य.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. फुकटची तपासणी आधीं, खर्चाची शेवटीं.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्यें घालावा, हातब्रेक ओढावा, पुढचे दिवे लावावेत आणि कोणाला तरी समोर उभें करून किल्ली फिरवावी. दिवे आधींच मंद असतील, किंवा किल्ली फिरवतांच मालवत असतील, तर दोष बॅटरींत अथवा तिच्या दोन टर्मिनलांवर. दिवे लख्ख राहून टक् होत असेल, तर दोष स्टार्टरमध्यें, त्याच्या जाड तारेंत किंवा इंजिनाच्या अर्थमध्यें. दिवे लख्ख आणि टक् मुळींच नाहीं, तर किल्ली, फ्यूज, रिले, क्लचखालील स्विच यांच्याकडे पाहावें. नव्या गाड्यांत किल्लीचें चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीनें किल्ली ओळखलेली नाहीं असें समजावें.

दुसरें, टर्मिनल हातानें हलवून पाहावें. तें हातानें फिरत असेल तर सैल आहे. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल, तर तोच अवरोध. पान्यानें प्रथम ऋण टर्मिनल सोडावें, मग धन. जोडतांना उलट, धन आधीं आणि ऋण शेवटीं. हा क्रम चुकला, आणि धन टर्मिनल सोडतांना पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून, जुन्या दांतघांसणीनें पूड धुवावी. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. पुसून, कांच-पेपरनें घांसून, घट्ट आवळावें आणि वरून थोडें व्हॅसलीन लावावें. कित्येक 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानेंच जिवंत होतात.

तिसरें, साधा मल्टिमीटर घरीं असावा. कांहीं तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ ला ती अर्धीच उरलेली. १२ च्या खालीं जवळजवळ रिकामी. किल्ली फिरवतांना दाब ९.६ च्या खालीं कोसळत असेल, तर बॅटरी दुबळी. इंजिन सुरू असतांना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आंकडा यावा; येत नसेल, तर दोष अल्टरनेटरमध्यें किंवा त्याच्या पट्ट्यांत, आणि नवी बॅटरी घातली तरी ती कांहीं दिवसांत रिकामी होणार. शेवटची परीक्षा अर्थची: मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोंकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून किल्ली फिरवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसलें तर ती वाट खराब आहे. ही परीक्षा मीं त्या दुकानांत करविली असती, तर पुढची ती रात्र टळली असती.

स्टार्टरवर लांकडी दांड्यानें हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर कार्बन झिजले आहेत असें समजून थेट मिस्त्रीकडे जावें; हा उपाय एखाद-दोन वेळांचाच. जोरानें ठोकूं नये, कारण पुष्कळ स्टार्टरांच्या आंत ठिसूळ लोहचुंबक असतात. गाडी पुराच्या पाण्यांतून आली असेल आणि नंतर एकच जड टक् करून थांबत असेल, तर पुन्हा किल्ली फिरवूंच नये. इंजिनाच्या नळ्यांत पाणी शिरलें असेल, तर दांडे वांकतात.

दुसऱ्या गाडीची वीज घ्यावयाची असेल, तर दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या आहेत हें आधीं पाहावें. लाल केबल आधीं आपल्या बॅटरीच्या धन टोंकाला, मग दुसरीच्या धन टोंकाला. काळी केबल दुसरीच्या ऋण टोंकाला, आणि तिचें शेवटचें टोंक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. शेवटच्या जोडाची ठिणगी त्याच्याजवळ पडूं नये म्हणून ही खबरदारी. विडी-सिगरेट तर नकोच. धक्का मारून सुरू करणें फक्त हातानें गिअर बदलावयाच्या गाडीला शक्य आहे.

राहतां राहिला आपल्याकडील उन्हाळा. बॅटरी थंडींत मरते, असें थंड देशांतील पुस्तकें सांगतात. थंडींत ती उघडी पडते हें खरें. पण तिचें आयुष्य खाणारा खरा शत्रु उष्णता. वणी-चंद्रपूरच्या भागांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत, कधीं त्याहूनहि वर जातो, आणि झांकणाखालचा ताप त्याहून पुष्कळ अधिक. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं रासायनिक क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळें आंतील शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात आणि पाणी उडून जातें. पाणी घालावयाची बॅटरी असेल, तर उन्हाळ्यांत महिन्यांतून एकदां पातळी पाहून शुद्ध, डिस्टिल्ड पाणीच घालावें; नळाचें नव्हे, आणि ॲसिड तर मुळींच नव्हे. गाडी उभी ठेवावयाची झाली, तरी आठवड्यांतून एकदां अर्धा तास चालवावी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे जमतात, आणि मग ती पूर्ण भरत नाहीं. बॅटरी तीन वर्षांची झाली, कीं पावसाळ्यापूर्वीं एकदां तपासून घ्यावी. आणि त्याच वेळीं इंजिनाची ती पट्टीहि पाहून घ्यावी.

त्या ट्रकचालकाची केबल मीं दुसऱ्या दिवशीं टपरीवर ठेवून आलों. तो ती केव्हां घेऊन गेला, तें मला कळलें नाहीं. त्याचें नांवहि मीं विचारलें नव्हतें. जन्मभर मुलांना सांगत आलों, कीं उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा. माझी मोटार दोनदां तोच प्रश्न विचारीत होती, आणि मी दोनदां न वाचतांच उत्तर लिहीत होतों. आपल्या मोटारीनें उद्यां टक् केलें, तर आधीं दिवे लावून पाहा, आणि मगच खिशांत हात घाला.